भुंग्याची बावन्न पिल्लं

कुत्र्यांच्या हृदयाची डॉक्टर म्हटलं की लोक आधी हसत आणि मग विचारत, "म्हणजे फक्त कुत्र्यांच्याच?" त्यावर "मांजरांच्याही, पण ती ऐकून घेत नाहीत," असं उत्तर ती गेली सव्वीस वर्षं देत आली होती. पूर्वी हे सांगताना ती स्वतःही हसायची. अलीकडे नुसतं उत्तर द्यायची. दवाखान्यात ती डॉक्टरबाई होती आणि घरी, चोपन्नाव्या वर्षीही, धाकटी. थोरली म्हणजे ताई, तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. ताई शहराबाहेर मोकळ्या जागेत राहायची आणि डॉबरमन जातीची कुत्री वाढवण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं.

एका मंगळवारी दुपारी, शाळेत गाणं शिकवणाऱ्या एक बाई आपल्या चार वर्षांच्या डॉबरमनला घेऊन धाकटीच्या दवाखान्यात आल्या. कुत्र्याचं नाव कोळसा.

"जिना चढताना मधल्याच पायरीवर बसला हो," गाण्याच्या बाई म्हणाल्या. "बसला कसला, पडलाच. मी किंचाळले तर उठून शेपूट हलवायला लागला. जणू माझंच काहीतरी चुकलं होतं."

तपासायच्या टेबलाला मध्ये एक मोठं भोक होतं. कुत्र्याला कुशीवर असं निजवायचं की छाती नेमकी त्या भोकावर यावी, मग खालून हात घालून छातीला यंत्राची दांडी लावायची आणि पडद्यावर हृदय बघायचं. वर मालकाने डोकं धरून गोड बोलत राहायचं. वर्षानुवर्षं असा वाकडा हात घालून धाकटीचा उजवा खांदा कायमचा आखडला होता. तिने कोळशाच्या छातीवरचे केस थोडे भादरले, थंडगार जेल लावलं आणि पडद्याकडे पाहिलं.

निरोगी हृदयाचा डावा कप्पा मुठीसारखा आवळतो. कोळशाचा कप्पा फुगून पाण्याच्या पिशवीसारखा झाला होता आणि पिशवीसारखाच नुसता हलत होता.

"बरा होईल ना?" बाईंनी विचारलं.

"बरा होणार नाही," धाकटी म्हणाली. "बरा राहील, काही महिने. कदाचित वर्षभर. दोन प्रकारच्या गोळ्या देते. एकीने हृदयाला जोर येईल, ती जेवणाच्या तासभर आधी द्यायची. दुसरी ठोके ताळ्यावर ठेवायला. आणि तो झोपला असताना मिनिटाला किती श्वास घेतो ते रोज मोजा. तिसाच्या वर गेले तर थेट मला फोन करा, वाट बघू नका."

बाई वहीत सगळं लिहून घेत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "माझ्या हातून खाण्यापिण्यात काही कमीजास्त झालं का?"

"नाही. हे त्याच्या रक्तातच होतं. तो तुमच्याकडे आला तेव्हाच घेऊन आला."

असं म्हणत धाकटीने कोळशाच्या जन्माचा कागद उलगडला. आईचं नाव अनोळखी होतं. बापाच्या जागी लिहिलं होतं, भुंगा. खाली ताईची सही.

वर्षभरात भुंग्याचं हे तिसरं पिल्लू तिच्या टेबलावर आलं होतं. पहिल्या वेळी तिने योगायोग म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या वेळी आईकडच्या रक्तावर ढकललं. तिसऱ्या वेळी ढकलायला कुणी उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळीही तिला पुरतं पटलेलं नव्हतंच. पण दिवसाला चौदा कुत्री तपासून माणूस इतका थकतो की जे पटत नाही तेही पटल्यासारखं करतो.

या दुखण्यात तिचा स्वतःचा हात होता, तो असा. सहा वर्षांपूर्वी भुंगा दोन वर्षांचा झाला, तेव्हा ताईने त्याच्यापासून पैदास सुरू करायच्या आधी रीतसर त्याचं रक्त धाकटीकडून काढून घेतलं आणि प्रयोगशाळेत पाठवलं. डॉबरमनमध्ये हे हृदयाचं दुखणं घराण्यात चालत येतं, हे ताईला चांगलं ठाऊक होतं. अहवाल स्वच्छ आला. त्या काळात आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचं सगळं करणारी ताई होती. तीन वर्षं ताईने आईला न्हाऊमाखू घातलं, भरवलं, कूस बदलून दिली. धाकटीने फोन केले. म्हणून अहवाल आला तेव्हा "ही चाचणी म्हणजे सगळं नव्हे, दरवर्षी त्याच्या हृदयाचे दिवसभराचे ठोकेही तपासायला हवेत," हे वाक्य तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. एवढं करणाऱ्या बाईला आणखी एक काम कुठल्या तोंडाने सांगायचं? ती म्हणाली, "ताई, कागद स्वच्छ आहे. निर्धास्त राहा." आणि ताई निर्धास्त राहिली. सहा वर्षांत, सात खेपांत, भुंग्याची बावन्न पिल्लं घरोघरी गेली.

रविवारी संध्याकाळी धाकटी यंत्राची पेटी घेऊन ताईकडे गेली. भुंगा फाटकापर्यंत धावत आला, दोन पाय उचलून तिच्या छातीवर ठेवले आणि तिचा चष्मा चाटून काढला. आठ वर्षांचा होता, पण अंग असं चकचकीत की बघणाऱ्याला वाटावं नुकताच तेल लावून उभा केलाय. मागच्या पिंजऱ्यात राणी नावाची कुत्री सुस्त पडली होती. तिचं पोट जमिनीला टेकलं होतं.

"पंधरा दिवसांत विणार," ताई कौतुकाने म्हणाली. "भुंग्याचीच आहेत. नऊ तरी होतील बघ."

धाकटीने पेटी ओट्यावर ठेवली. सांगायचं ते रस्त्यात चार तऱ्हांनी घोळवलं होतं. त्यातली एकही तऱ्हा आठवेना.

"ताई, भुंग्याला एक दिवसभर हे मशीन बांधायचंय. ठोके मोजायला."

"का? त्याला काय झालंय?"

"त्याला नाही. त्याच्या पोरांना झालंय. तीन आली माझ्याकडे."

ताईने हातातला खरारा खाली ठेवला. "त्याचं रक्त तपासलंय. कागद कपाटात आहे. आणू?"

"नको. पाठ आहे मला. त्या कागदावर, रक्तातल्या दोन खोटी त्याच्यात नाहीत, एवढंच लिहिलंय, ताई. ज्या शोधणाऱ्यांना सापडल्यात त्या दोन. न सापडलेल्या आणखी किती आहेत ते अजून कुणालाच ठाऊक नाही. दोन खिशांत किल्ली नाही म्हणजे घरातच किल्ली नाही, असं होतं का?"

"मग तेव्हा 'निर्धास्त राहा' कोण म्हणालं होतं?"

"मी म्हणाले होते. अर्धंच सांगितलं मी तुला."

ताई रागावली की आवाज चढवत नसे, उतरवत असे. "पंचवीस वर्षं मी नाव कमावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तीन कुत्र्यांवरून तू ती उघडायला निघालीस?"

"तीन माझ्यापर्यंत पोचली. न पोचलेल्यांचं काय?"

"हे बघ धाकटे. आईच्या वेळी तुला सवड नव्हती. कुत्र्यासाठी बरी सवड झाली."

हे कधीतरी ऐकावं लागणार, हे धाकटीला गेली सहा वर्षं माहीत होतं. तरी ऐकल्यावर ती तिथेच पाण्याच्या उलट्या बादलीवर बसली. भुंग्याने येऊन तिच्या मांडीवर हनुवटी टेकली.

एवढ्यात भाऊजी आतून कुत्र्यांची धुतलेली भांडी घेऊन आले. भाऊजींना एका कानाने कमी ऐकू येई, पण भांडण मात्र दोन्ही कानांनी ऐकू येई. "बांधा हो मेहुणीबाई, बांधा," ते म्हणाले. "माझ्या छातीला बांधलं होतं की गेल्या वर्षी. खाज सुटते, बाकी काही नाही."

"तुमचं काही निघालं नव्हतं," ताई फणकारली.

"तेच म्हणतोय मी. याचंही नाही निघालं तर हिची बोलती बंद. आणि निघालं, तर आपल्याला कळलेलं बरं की लोकांना आधी कळलेलं?"

ताईने भुंग्याचा पट्टा धरला आणि त्याला धाकटीसमोर उभं केलं. त्या घरात होकार असाच मिळे.

धाकटीने छातीवर पाच चकत्या चिकटवल्या, वर जाकीट चढवलं, खिशात यंत्र ठेवलं आणि ताईच्या हातात एक कागद दिला. दिवसभरात कुत्र्याने काय केलं ते वेळेसह त्यावर लिहायचं होतं, म्हणजे ठोके कधी बिघडले ते ताडून पाहता येतं. मंगळवारी सकाळी भाऊजींनी यंत्र आणि कागद दोन्ही दवाखान्यात पोचवले. कागदावर ताईचं ठसठशीत अक्षर होतं.

"सकाळी सात, फिरून आला. आठ, जेवला. दहा, पोस्टमनवर भुंकला. पोस्टमन नवा आहे. बारा, झोपला. तीन, जाकीट फाडायचा प्रयत्न. रागावले. चार, आपणहून माझ्या पायावर डोकं ठेवून पडला. बराच वेळ."

डॉबरमनच्या एका दिवसाच्या लाखभर ठोक्यांत पन्नासाहून जास्त चुकार निघाले की शंका घ्यावी. तीनशेच्या वर गेले की शंका उरत नाही. भुंग्याचे निघाले दोन हजार एकशे चाळीस. सगळ्यांत वाईट घडी दुपारी चारची होती. एकामागून एक चौदा ठोके भरधाव सुटले होते, मग थोडी उसंत, मग पुन्हा नऊ. धाकटीने कागदाशी ताडून पाहिलं. लाडात येऊन पायावर डोकं ठेवलं असं ताईला वाटलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. ही एक गोष्ट तिने ताईला सांगितली नाही, पुढेही कधी नाही. बाकी सगळं सांगितलं.

ताईने फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "राणीच्या पोटातल्यांचं काय?"

"प्रत्येक पिल्लाचं नाणं नव्याने उडतं, ताई. आई किंवा बाप, एकाकडून आलं तरी पुरतं. काहींना येईल, काहींना नाही. ज्यांना येईल त्यांतलं एखादं चौथ्या वर्षी कोसळेल, एखादं म्हातारपणीही धडधाकट असेल. आज बघून सांगता येत नाही."

"म्हणजे तुम्हा डॉक्टरांना काहीच सांगता येत नाही."

"लवकर कळलं तर गोळ्या लवकर सुरू करता येतात. त्याने चांगले दिवस वाढतात. एवढंच सांगता येतं. त्यासाठी बावन्न जणांना कळवावं लागेल."

ताई म्हणाली, "उद्या ये. एकटीने हे माझ्याच्याने होणार नाही."

ताईच्या वहीत प्रत्येक पिल्लाचा मालक आणि फोन नंबर लिहिलेला होता. दोघी बहिणी सलग तीन दिवस दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून फोन लावत होत्या. फोन ताई लावायची, नाव सांगायची आणि पुढे म्हणायची, "चूक माझी आहे." त्यावर धाकटी फोन ओढून घ्यायची आणि सांगायची, "डॉक्टर मी आहे, चूक माझी आहे." पहिल्या दिवशी एक शिंपी वैतागून म्हणाला, "अहो, आधी तुमचं ठरवा, मग मला फोन करा." तेव्हा कुठे दोघींना हसू फुटलं, आणि त्यानंतर ठरलं की "आमची चूक" म्हणायचं.

शिव्या पडल्या. एकाने कोर्टात खेचीन म्हटलं. एकीने ऐकून घेतलं, आभार मानले आणि मग हुंदका देऊन फोन ठेवला. बावन्नातली सात आधीच गेली होती. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं साप चावला असेल. धावता धावता पडला आणि उठलाच नाही, हे मात्र जवळपास सगळ्यांनी सांगितलं.

त्यात एक निवृत्त वॉचमन होता. त्याचा कुत्रा तीन वर्षांपूर्वी अंगणात असाच पडला होता.

"त्याला शेजाऱ्याने विष घातलं," तो म्हणाला. "भुंकण्यावरून आमची कुरबुर होतीच. मी त्याचं तोंड बघणं सोडलं. चाळीस वर्षांची दोस्ती होती, पण सोडली."

धाकटीने जपून सांगितलं की विष नसावं. ते सगळं कसं होतं, ते समजावलं.

"तो बिचारा शपथा घ्यायचा," वॉचमन म्हणाला. "दारात येऊन शपथा घ्यायचा. बाई, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत? गेल्या उन्हाळ्यात वारला तो. मी गेलो नाही, आपल्या खिडकीतून बघत राहिलो."

ताईने धाकटीच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "त्यांच्या घरी कोण आहे?"

"बायको आहे."

"मग त्यांना जाऊन सांगा. आमचं नाव सांगा. आमच्यामुळे झालं म्हणा."

फोन ठेवल्यावर ताईने त्या नावापुढे खूण केली, वही मिटली आणि त्या दिवशी पुढचा एकही फोन लावला नाही. भाऊजींनी न विचारता चहा आणून ठेवला. दोघींनी तो थंड होऊ दिला.

पुढचे दोन महिने धाकटीच्या दवाखान्यात शनिवारी दुपारी फक्त भुंग्याची पिल्लं येत. एकतीस आली. एकाच साच्यातली, काळी, तांबूस भिवयांची, सगळी त्या भोकाच्या टेबलावर एकामागून एक आडवी झाली. ताई स्वतः येऊन डोकी धरायची. जन्मल्यावर तिने ज्यांना बोटाने दूध चाटवलं होतं त्यांतली काही तिला ओळखत, काही ओळखत नसत, पण तिच्या हाताखाली सगळीच शांत पडत. बारांचं हृदय बिघडलेलं निघालं. त्यांतल्या नवांना बाहेरून काहीही होत नव्हतं. ती वेळेत सापडली, त्यांना गोळ्या सुरू झाल्या. उरलेल्यांना दर वर्षी यायला सांगितलं. शिंपी आला तो दोन कुत्री घेऊन. दुसरं ताईचं नव्हतंच. "आलोच आहे तर याचंही बघा," म्हणाला, आणि धाकटीने बघितलं.

मधल्या काळात राणी व्याली. नऊ झाली. ताईने आधी ठरलेल्या प्रत्येक घराला फोन करून खरं ते सांगितलं. तीन घरांनी नाही म्हटलं. सहा घरांनी सगळं ऐकूनही नेली, एवढंच लिहून दिलं की त्यांची पैदास करणार नाही आणि वर्षाला एकदा हृदय दाखवू. उरलेली तीन ताईकडे राहिली. घरातल्या सगळ्या कुत्र्यांची नसबंदीची ऑपरेशनं ताईने करून घेतली. पंचवीस वर्षांचं घराणं तिथे थांबलं. कुणी विचारलं तर म्हणायची, "हात दुखतात आता." ते खरंही होतं.

कोळसा अकरा महिने टिकला. एका सकाळी गाण्याच्या बाईंच्या पायाशी बसून खिडकीबाहेर बघत असताना गेला. बाईंनी फोन करून कळवलं. त्या म्हणाल्या, रोज श्वास मोजायची सवय लागली होती, आता काय मोजू? धाकटीने त्यांना चहाला बोलावलं. त्या आल्या आणि तासभर बसल्या.

भुंगा मात्र गोळ्यांवर दीड वर्ष जगला. शेवटच्या महिन्यात फुप्फुसात पाणी भरू लागलं. पाणी काढून टाकायच्या गोळ्यांनी ते उतरायचं आणि पुन्हा भरायचं. त्याला निजता येईना, पुढचे पाय फाकवून उभ्यानेच डुलक्या घेऊ लागला. तेव्हा ताईनेच फोन केला. म्हणाली, "बस झालं आता." धाकटी आली, ताईने त्याला धरलं, आणि भाऊजी दाराकडे तोंड करून उभे राहिले. धाकटीने इंजेक्शन दिलं.

थोड्या वेळाने ताईनेच विचारलं, "रक्तातली ती तिसरी खोट शोधणारी माणसं आहेत असं मागे म्हणाली होतीस, विद्यापीठातली. त्यांना काय लागतं?"

"रक्त. आणि हृदय, ताजं असेल तर." धाकटी हे आपणहून कधीच बोलली नसती.

"मग काढ."

विद्यापीठ दोन तासांवर होतं. बर्फाची पेटी धाकटीने मांडीवर घेतली आणि गाडी ताईने चालवली. तिथल्या प्रयोगशाळेत एका चुणचुणीत मुलीने अर्ज पुढे केला. जात, वय, लक्षणं कधी दिसली, औषधं कोणती, पिल्लं किती, त्यांतली आजारी किती. ताईने चष्मा लावला आणि एकही रकाना न सोडता सगळं भरलं. पिल्लांच्या रकान्यात जागा पुरेना तेव्हा मागच्या बाजूला लिहिलं. मुलगी म्हणाली, "एवढी पूर्ण माहिती कुणीच देत नाही हो. बहुतेक लोक सांगतच नाहीत."

"आम्हीही कुठे सांगितलं होतं," ताई म्हणाली, आणि सही करून पेन परत दिलं.

बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "दे, आता मी चालवते. तू दमलीस."

"आरशात तोंड बघ स्वतःचं," ताई म्हणाली. "बस गुपचूप."

शहराचे दिवे मागे पडायच्या आत धाकटीचा डोळा लागला. ताईने पुढच्या सिग्नलला गाडी थांबवली, हात लांब करून तिच्या खिडकीची काच वर केली आणि सिग्नल सुटल्यावर बेताने गाडी पुढे घेतली.